आंबेनळी घाटाच्या पायथ्याशीं

पोलादपूर मागें पडलें, कीं महाबळेश्वरची वाट आंबेनळी घाटांत शिरते. २०१८ सालच्या जुलैंत येथेंच बस दरींत कोसळून ३० जण दगावले. तें स्मरून आम्ही जपूनच निघालों होतों. परंतु पुतण्याच्या ट्रकाचा, चारही चाकांना गति देणाऱ्या त्या वाहनाचा, पुढील प्रोपेलर शाफ्ट पायथ्याशींच निकामी झाला.

नव्याचें माप घेण्यास मिस्त्री जॅक लावूं लागला, तोंच त्याचा वृद्ध बाप ओरडला, "अरे, चाकें भुईवरच असूं देत!" मीं कारण विचारलें.

"मास्तर, गाडी उचलली कीं आंस खालीं लोंबतो, अंतर वाढतें. त्या मापाचा दांडा केला, तर खड्ड्यांत स्प्रिंग दबतांच तो गिअरपेटीला धक्का देईल."

मग सपाट जमिनीवर, एका सांध्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत त्यानें फीत धरली. सरकत्या दांत्यांस आंतबाहेर होण्यापुरती जागाहि हिशेबांत घेतली. वेदी मोजणाऱ्या शुल्बकारांच्या रज्जूची मला आठवण झाली. मात्र त्यांची वेदी उसळत नसे!

मुलानें आंकडा खडूनें दारावर लिहिला. बापानें तो वाचला, आणि पुन्हां एकवार गाडीखालीं शिरला.