वारज्याची वस्ती

कर्वे पुतळ्यावरून वनदेवीच्या मंदिराकडे निघालं, की पुणं कुठे संपलं आणि वारजे कुठे सुरू झालं हे आता कळत नाही. दुकानांची रांग मध्ये कुठेच तुटत नाही. कर्वेनगरातल्या एका चौकाच्या नावात तेवढी जुनी हद्द टिकून आहे. वारजे जकात नाका. पुण्यातली जकात 2013 साली गेली, पण रिक्षावाल्याला नाक्यावर सोडा म्हटलं की तो दुसरा प्रश्न विचारत नाही. शहर एके काळी इथवर येऊन थांबायचं. पुढे मुठेकाठचं शेतीचं गाव होतं.

या गावाचं नशीब नदीने आणि रस्त्यांनी घडवलं. वरच्या अंगाला खडकवासल्याचं धरण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात बांधून झालं आणि त्याचा डावा कालवा या बाजूने शहराकडे गेला. आज त्याच्या कडेचा रस्ता कॅनॉल रोड म्हणून सगळ्यांच्या तोंडी आहे. 1949 साली खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) कोनशिला बसली, 1955 साली प्रबोधिनी तिथे सुरू झाली आणि गावातून जाणारी वाट एनडीए रोड झाली. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं, त्या दिवशी याच मुठेतून तो लोंढा पुण्याच्या जुन्या पेठांकडे गेला. पुरानंतर शहर पश्चिमेच्या मोकळ्या जमिनींकडे सरकू लागलं. आधी एरंडवणे, मग कोथरूड, मग कर्वेनगर. आणि मग मुंबई–बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता वारज्याच्या अंगावरूनच गेला.

1997 साली 38 गावं पुणे महापालिकेत आली, त्यांत वारजे होतं. गावठाणातली भावकीची घरं जागच्या जागी राहिली आणि भोवतीच्या वावरांचे गुंठे पडले. माळवाडी, रामनगर, गणपती माथा, अतुलनगर, पॉप्युलरनगर अशी नवी वस्ती उभी राहिली. कोथरूडला भाडं परवडत नाही म्हणून कुणी इकडे आलं, एनडीएत नोकरी म्हणून कुणी आलं, फौजेतून निवृत्त झाल्यावर कुणी इथेच घर बांधलं. मुळशी-वेल्ह्याची माणसं आली, कोकणातली आली, लातूर-सोलापूरकडची आली. त्यांच्या पाठोपाठ बिहार-उत्तर प्रदेशातले सुतार आणि फरशीवाले आले, केरळातल्या परिचारिका आल्या, राजस्थानी दुकानदार आले. ‘सध्या इथे राहू, पुढचं पुढे बघू’ असं म्हणत बहुतेकांनी सामान उतरवलं आणि बघता बघता त्यांची मुलं इथल्याच शाळांतून दहावी झाली.

ही सगळी माणसं एका जागी बघायची असतील, तर माळवाडीतल्या एखाद्या पिठाच्या गिरणीत संध्याकाळी सातच्या सुमाराला उभं राहावं. पत्र्याचे, स्टीलचे, प्लॅस्टिकचे डबे ओळीने मांडलेले असतात. कुणाच्या झाकणावर ऑइलपेंटने नाव, कुणाच्या कडीला ओळखीची चिंधी बांधलेली. मराठवाड्यातल्या घरची ज्वारी, मावळातल्या घरचे तांदूळ आणि नाचणी, उत्तरेकडच्या घराचा गहू आणि सत्तूसाठी भाजलेले हरभरे. पौषात बाजरी वाढते, श्रावणात उपासाची भाजणी येते. गिरणीचा एकच नियम असतो: ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू. जात्यात आधीच्या दळणाचं पीठ राहतं, त्यामुळे भाकरीच्या पिठात गहू मिसळू नये म्हणून एका धान्याचे डबे एकत्र घेतात. त्यासाठी बायका एकमेकींचा नंबर पुढेमागे करून देतात. “ताई, तुमची ज्वारी आहे ना? मग तुम्ही घ्या आधी, माझं गव्हाचं आहे.” हे वाक्य मोडक्या मराठीतही ऐकू येतं आणि त्याचं उत्तर मोडक्या हिंदीत मिळतं. नाचणीची भाकरी कशी थापायची आणि लिट्टीचं सारण कसं भिजवायचं, हे ज्ञान या ओट्यावर एका घरातून दुसऱ्या घरात जातं. शेजारधर्म इथे असाच शिकला जातो, रोजच्या गरजेतून. त्याला कुणी संस्कृतीची देवाणघेवाण म्हणत नाही, म्हणून ती खरी आहे.

या वस्तीने अनोळखी माणसाला आपल्यात जागा दिली आहे, त्याची एक फार मोठी खूण महामार्गालगत आहे. सिप्ला फाउंडेशनचं वेदनाशामक उपचारांचं केंद्र इथे 1997 पासून चालतं. बऱ्या न होणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात, त्यांच्या वेदना कमी करतात आणि घरच्या माणसाला सोबत राहू देतात. दूरदूरच्या गावांहून आलेली अशी कुटुंबं आयुष्यातले सर्वांत अवघड दिवस वारज्यात काढतात. गावाच्या इतिहासात लढाया आणि राजे नसतील, पण ज्या गावाच्या शिवेत परक्याचं दुखणं इतकी वर्षं सांभाळलं जातंय, त्या गावाला इतिहास नाही असं कोण म्हणेल?

इथली टेकडीही अशीच सगळ्यांनी मिळून राखलेली आहे. वन खात्याची 16.8 हेक्टर जमीन उजाड पडली होती. 2015 पासून वन खातं, स्वयंसेवी संस्था आणि नागरिकांनी तिथे देशी झाडं लावली, खड्डे घेतले, पाणी दिलं. 5 जून 2020 रोजी केंद्र सरकारने देशभरातल्या 200 नगर वनांची योजना जाहीर केली, तेव्हा उदाहरण म्हणून दाखवलं ते वारज्याचं वन. आज सकाळी त्या वाटेवर पांढऱ्या टोपीतले आजोबा असतात, बुरख्यातल्या मायलेकी असतात, पोलीस भरतीचा सराव करणारी पोरं असतात. तिथे कुणाचं गाव कोणतं, हे कुणी विचारत नाही.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. महामार्गाच्या पुलाजवळची वाहतूककोंडी रोजची आहे. शहराला पाणी शुद्ध करून पाठवणारं केंद्र वारज्यात आहे आणि वारज्यातल्याच काही गल्ल्यांत नळाची वाट बघावी लागते. सोसायटीच्या फाटकातले आणि वस्तीतले लोक एकमेकांच्या कामाला येतात, पण एकमेकांच्या घरी फारसे जात नाहीत. तरुण मुस्लिम जोडप्याला किंवा एकट्या मुलीला भाड्याचं घर मिळायला इथेही वेळ लागतो. ज्या वस्तीत जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी बाहेरून आला, तिला हे शोभत नाही.

शहर आता पुढे गेलं आहे. शिवणे आणि उत्तमनगर 2017 साली महापालिकेत आली, कोंढवे-धावडे 2021 साली. नळस्टॉप–वारजे–माणिकबाग मेट्रो मार्गाला केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. खांब उभे राहतील, जुन्या इमारती पुनर्विकासाला जातील. वावरातली विहीर कुठे होती, पहिली गिरणी कुणी टाकली, माळवाडीत एसटी कुठे थांबायची हे सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून वारज्याच्या गणेश मंडळांना, शाळांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना माझी विनंती आहे. यंदाच्या वर्गणीतली थोडी रक्कम बाजूला काढा आणि या आठवणी लिहून घ्या. गावठाणातल्या बराटे भावकीच्या घरापासून काल भाड्याने आलेल्या बिऱ्हाडापर्यंत सगळ्यांच्या. पेठांचा इतिहास बखरकारांनी लिहिला. वारज्याचा इतिहास वारजेकरांनाच लिहावा लागेल.