मणका जागेवरच असतो

“मॅडम, आवाज नाही आला.”

उपचार संपवून पेशंटला कुशीवर वळून उठायला सांगितलं की हे वाक्य हमखास येतं. दुखणं कमी झालं का, वाकता येतंय का, हे प्रश्न नंतरचे. आधी आवाज हवा असतो. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आलेली तरुण मुलं स्पष्टच सांगतात, ‘कट्’ झालं तरच मणका बसला. वयस्कर मंडळींनी ते व्हिडिओ पाहिलेले नसतात, पण लहानपणी गावच्या हाडवैद्याने ओढलेलं मनगट त्यांना आठवत असतं आणि अपेक्षा तीच असते.

मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. हाताने सांधे हलवणं, ताणणं, प्रसंगी झटका देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी सांधे हलवण्याच्या पायऱ्या घालून दिल्या. पहिल्या चार हळुवार हालचालींच्या, आणि पाचवी म्हणजे अगदी छोटा, अगदी जलद झटका. हाताने मणके ‘बसवून’ देणारे कायरोप्रॅक्टर प्रामुख्याने ही पाचवी पायरी वापरतात. हात तेच, तंत्रही बरंचसं तेच. वेगळी आहे ती त्यामागची समजूत, आणि मला बोलायचं आहे ते तिच्याविषयी. कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. ‘माझा मणका सरकलाय’ ही धास्ती मात्र वर्षानुवर्षं राहते. या धास्तीपायी बादली उचलायला घाबरणारी, नातवाला कडेवर न घेणारी माणसं मी रोज बघते.

ही समजूत आली कुठून? आपल्याकडची हाडवैद्याची परंपरा जुनी आहेच, पण सरकलेल्या मणक्याचं शास्त्र म्हणून जे जगभर पसरलं त्याचा उगम अमेरिकेत आहे. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट शहरात डॅनियल डेव्हिड पामर हा गृहस्थ चुंबकीय उपचार करत असे. त्याच्या इमारतीत देखभालीचं काम करणाऱ्या हार्वी लिलर्ड या कामगाराला सतरा वर्षांपासून जवळजवळ ऐकू येत नव्हतं. अवघडून वाकलेलं असताना पाठीत काहीतरी हललं आणि तेव्हापासून कान गेले, असं त्याने सांगितलं. पामरच्या म्हणण्यानुसार, १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याने लिलर्डच्या पाठीवरचा उंचवटा दाबला आणि लिलर्डला ऐकू येऊ लागलं. श्रवणाची नस मेंदूच्या तळातून निघून कवटीच्या आतूनच कानात जाते, पाठीच्या मणक्यांमधून ती जातच नाही. तरीही पामरने यावर कायरोप्रॅक्टिकचा मोठा सिद्धांत उभारला. ९५ टक्के आजारांचं मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे, असं त्याने लिहिलं. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तो तुरुंगात गेला, आणि १९१३ मध्ये कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टिकच्या व्यवसायाला परवाना देणारा पहिला कायदा केला.

पुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टर मंडळींवर जवळजवळ बहिष्कारच टाकला. आपल्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे पेशंट पाठवायचे नाहीत, त्यांच्याबरोबर काम करायचं नाही. शिकागोच्या चेस्टर विल्क या कायरोप्रॅक्टरने इतर काही जणांसह १९७६ मध्ये दावा लावला आणि १९८७ मध्ये न्यायालयाने हा बहिष्कार बेकायदा ठरवला. या निकालाचा दाखला आजही दिला जातो. मात्र तो व्यापारी स्पर्धेच्या कायद्याखालचा निकाल होता. मणके सरकतात की नाही, याचा निवाडा न्यायालयाने केला नव्हता.

तो निवाडा शरीराने कधीच केलेला आहे. मणके एकमेकांना भक्कम अस्थिबंधांनी, चकतीने आणि स्नायूंच्या थरांनी जखडलेले असतात. अपघातात ते खरोखर सरकतात तेव्हा माणूस चालत दवाखान्यात येत नाही, स्ट्रेचरवरून येतो. म्हातारपणी एखादा मणका खालच्यावर किंचित पुढे झुकलेला एक्स-रेत दिसतो, पण तो वर्षानुवर्षांत झालेला बदल आहे आणि कुणाच्याही झटक्याने मागे जात नाही. जड गोणी उचलताना उसण भरली, सकाळी उठल्यावर मान अवघडली, अशा वेळी मणका जागेवरच असतो. त्याच्या मागच्या बाजूचे छोटे सांधे दुखावलेले असतात, आणि त्यांना जपण्यासाठी भोवतालचे स्नायू आखडून बसतात.

मग आवाज कसला? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन दूर झाले की आतला दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९७१ मध्ये बोटांच्या सांध्यांवर हे अभ्यासलं. एकदा आवाज आला की सुमारे वीस मिनिटं त्याच सांध्यातून पुन्हा येत नाही, हेही तेव्हा नोंदलं गेलं. तो आवाज पोकळी फुटण्याचा, असं त्यांचं मत होतं. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने एमआरआय यंत्रात बोट ओढून त्या क्षणाचं चित्रण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली. दोघांतलं नेमकं कोण बरोबर, यावर वाद चालू राहील. हाडाच्या जागेशी त्या आवाजाचा संबंध नाही, याबद्दल वाद नाही. आणि आवाज आला काय, न आला काय, दुखणं कमी होण्यात त्याने फरक पडत नाही, असं अभ्यासांतही दिसलं आहे. बोटं मोडल्याने संधिवात होतो या भीतीचंही तसंच. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरने पन्नासहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली. दोन्ही हातांत फरक पडला नाही.

तरीही पेशंट टेबलावरून उठतो तेव्हा त्याची मान खरोखर जास्त वळते. हे मी नाकारत नाही, नाकारू इच्छितही नाही. झटक्यासरशी सांध्यातल्या आणि स्नायूंतल्या संवेदनाग्राहकांकडून मज्जारज्जूकडे संदेशांचा लोट जातो. त्याने वेदनेचे संदेश काही काळ दबतात, आखडलेला स्नायू सैल पडतो आणि जी हालचाल करायची भीती वाटत होती ती करून बघायचा धीर येतो. शिवाय कुणीतरी वेळ देऊन, नीट हात लावून तपासलं, याचाही दिलासा असतो. तो मी क्षुल्लक मानत नाही. पण हा सगळा परिणाम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा असतो. त्या मोकळ्या वेळात माणूस काय करतो, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

मोठे अभ्यासही हेच सांगतात. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा, नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा आला. कण्यावरच्या हस्तोपचारांचा उपयोग व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. जास्त नाही, कमीही नाही. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी गोळ्यांआधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर आणि हे हस्तोपचार सुचवले. कंबर, मान आणि मानेतून उठणारी काही प्रकारची डोकेदुखी यांसाठी हा उपचार रास्त आहे. दमा, रक्तदाब, मधुमेह, लहान मुलांचं पोट दुखणं यांसाठी कुणी पाठीला झटके देत असेल तर तिथून उठून यावं.

आता ‘गॅप’बद्दल. “एमआरआय काढलाय, एल-फोर एल-फाइव्हमध्ये गॅप आलीये,” असं म्हणत फाइल पुढे येते. प्रत्यक्षात दोन मणक्यांमधली चकती वयानुसार पातळ झालेली असते, म्हणजे जागा वाढलेली नसून कमी झालेली असते. २०१५ मध्ये पाठीचं काहीही न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक माणसांच्या चित्रांचा आढावा प्रसिद्ध झाला. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली. केस पिकावेत तसं हे आहे. चकती बाहेर येऊन नस दाबली गेली असेल, पायात कळ उतरत असेल, तर ते खरं दुखणं आहे. पण तिथेही बाहेर आलेला भाग कित्येकदा काही महिन्यांत आपोआप आकसतो. रिपोर्ट हातात देताना हे कुणी सांगत नाही. मला वाटतं, दोन वाक्यांचा हा खुलासा रिपोर्टच्या खालीच छापायला हवा.

माझ्याकडे सर्वांत जास्त गर्दी होते ती द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या बागांत ऑक्टोबरात छाटणी होते, मग डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं, मग मण्यांची विरळणी. कामाला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. उक्तं घेतलेलं काम, एकराचा हिशेब, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. द्राक्षाचा मांडव डोक्यावर, घड डोळ्यांच्या वर, म्हणून दिवसभर मान मागे आणि हात वर. अशी मान मागे गेली की मणक्यांमागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि नसा बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद होतात. संध्याकाळपर्यंत मानेत रग, खांद्याच्या पात्यामध्ये ठणका, कधी अंगठ्यापर्यंत मुंग्या. “ताई, शिरेवर शीर चढलीये, जरा मान मोडून द्या,” असं म्हणत या बाया येतात.

मी मान मोडत नाही. त्यांच्या पाठीचा वरचा भाग, खांद्यांच्या मधला, लाकडासारखा ताठ झालेला असतो. तो वळत नाही म्हणून सगळा भार मानेवर येतो. झटका द्यायचाच तर तिथे देते. मान थोडी मोकळी व्हायला तेवढं बहुधा पुरतं आणि धोकाही कमी. मग शिकवायचं ते सोपं: ओळ संपली की हात खाली सोडायचे, हनुवटी सरळ मागे ओढायची, खांदे मागे फिरवायचे. हे दहा वेळा, एका मिनिटाचं काम. उंची कमी असेल तिने वीतभर उंचीचा पाट घ्यावा, हे मी सांगत असे. पण पाट दर घडाला सरकवावा लागतो, वेळ जातो, मजुरी बुडते. ज्या मावशींनी मला हे समजावलं त्यांचंच म्हणणं पुढे उपयोगी पडलं. टोळीत उंच बायांनी वरचे घड घ्यायचे, ठेंगण्यांनी खालचे, आणि दुपारनंतर अदलाबदल करून काहींनी खाली वाकून करायची कामं घ्यायची. बागाईतदाराने ही अदलाबदल मान्य केली तर एकही पैसा खर्च होत नाही. मुकादमांशी बोलायला मी जाते ते यासाठीच.

मानेबद्दल मी एवढी सावध का, तेही सांगते. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर चढतात आणि सर्वांत वरच्या मणक्यापाशी वळण घेतात. मान जोरात पिरगाळली तर तिथे धमनीचं अस्तर फाटू शकतं, गुठळी होते आणि पक्षाघाताचा झटका येतो. हे फार क्वचित घडतं, आणि कधी कधी धमनी आधीच फाटत असल्यामुळेच मान दुखत असते. पण घडतं तेव्हा पेशंट चाळिशीच्या आतलाही असू शकतो. केस कापून झाल्यावर खुर्चीतच मान दोन्हीकडे मोडून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यातून झालेल्या इजांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. न्हावीकाकांना नम्रपणे नको म्हणावं. अचानक उठलेली, पूर्वी कधी न झालेली तीव्र मानदुखी, सोबत चक्कर, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठावं.

आपल्या देशात आणखी एक धोका आहे, ज्याचा उल्लेख परदेशी व्हिडिओंत सापडणार नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि क्षय मणक्यालाही होतो. रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप, घटणारं वजन, मणक्यावर बोट ठेवताच कळ, ही लक्षणं असताना पोखरलेल्या मणक्याला झटका बसला तर पाय कायमचे जाऊ शकतात. कर्करोग होऊन गेलेला असेल, हाडं ठिसूळ असतील, बऱ्याच काळापासून स्टेरॉइड चालू असेल, तरीही झटका नाही. लघवी अडणं किंवा नकळत होणं, मांड्यांच्या मधला, बैठकीचा भाग बधिर होणं, ही तर त्याच दिवशी शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकणारी परिस्थिती. त्यात एक रात्रही घालवायची नाही.

अमेरिकेत कायरोप्रॅक्टर होण्यासाठी काही वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि परवाना लागतो. आपल्याकडे या शाखेसाठी स्वतंत्र परिषद नाही, त्यामुळे पाटीवर तो शब्द कोण लिहितो यावर नियंत्रणही नाही. परदेशातून रीतसर शिकून आलेली, उत्तम काम करणारी माणसं इथे आहेत, आणि चार दिवसांच्या शिबिरातून उठून दवाखाना थाटणारेही आहेत. पेशंटने संकोच न करता विचारावं: तुम्ही कुठे शिकलात, किती वर्षं? हात लावण्याआधी तुम्ही माझे आजार, औषधं विचारणार का? किती भेटींत फरक पडला नाही तर तुम्ही थांबणार? माझ्या मते तीन-चार भेटींत हालचालीत काहीच सुधारणा नसेल तर तोच उपचार पुढे रेटू नये. वर्षभराचं पॅकेज आगाऊ भरायला सांगणाऱ्यांकडे मी माझ्या घरच्यांना पाठवणार नाही. आणि घरी करायचा एकही व्यायाम न शिकवता जो दर आठवड्याला मणका ‘बसवून’ देतो, त्याच्याकडे तर मुळीच नाही.

बागेत काम करणाऱ्यांना एक विनंती आहे. छाटणी उरकल्यावर, मान पूर्ण धरल्यावर येण्याऐवजी सप्टेंबरात या. खांदे आणि पाठीचे व्यायाम तीन-चार आठवडे आधी सुरू झाले, तर विरळणीच्या दिवसांत शरीर कामाला बरंच तयार असतं. टोळीने एकत्र आलात तर उत्तम. एकीला शिकवलेलं बाकीच्या बघून शिकतात, आणि ओळीच्या टोकाला एकमेकींना आठवणही करून देतात.