वास्तूची भूक

माणसाची पत पेहरावावरून ठरवू नये, तशी इमारतीची योग्यता तिच्या दर्शनी भागावरून ठरवू नये. एवढे सांगण्यास वकील कशाला हवा, असे कोणी म्हणेल. परंतु भाडेपट्ट्यांचे कागद नित्य हाताळणाऱ्या माणसाला ते पुन:पुन्हा सांगावेसे वाटते खरे.

आमच्या व्यवसायात मालमत्तेचा व्यवहार म्हटला की आधी उतारा पाहतात. मालकी कोणाची, बोजा किती, वाट कोठून, पाणी कोणाचे, या साऱ्यांची छाननी होते. वास्तू वीज किती खाते, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. काही वर्षांपूर्वी एक व्यापारी गृहस्थ सही झालेला भाडेपट्टा घेऊन माझ्याकडे आले. कचेरी नवी, आणि पश्चिमेची सबंध भिंत काचेची. पाटी कोठे लावावी, मोटार कोठे उभी करावी, याचीही कलमे पट्ट्यात होती. पण दुपारचे ऊन आत शिरले की वातानुकूलन यंत्रांना उसंत नसे, आणि महिनाअखेरचे बिल पाहून गृहस्थांना घाम फुटे. “वकीलसाहेब, हा दोष मालकाने आधी सांगायला नको होता का?” असा त्यांचा सवाल होता.

सवाल दिसतो तितका सोपा नव्हता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम असे मानते की, भाडेकरूच्या नियोजित उपयोगाला बाधक असा महत्त्वाचा दोष मालकाला ठाऊक असेल, भाडेकरूला ठाऊक नसेल आणि साधारण दक्षतेने कळण्याजोगाही नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. आता काचेची भिंत तर डोळ्यांसमोर उभी होती. पण भिंत दिसली म्हणजे तिची भूकही दिसली काय? अखेर दावा न करता समेट झाला. काचेबाहेर ऊन अडविणाऱ्या झडपा बसल्या आणि खर्च उभयतांनी वाटून घेतला. माझ्या मनात एक गोष्ट राहिली ती ही, की मापावाचून असा दोष सिद्ध करणे कठीण.

असे माप आज उपलब्ध आहे. इमारतीने वर्षभरात वापरलेल्या विजेच्या युनिटांना तिच्या चौरस मीटर क्षेत्रफळाने भागावे. येणारा आकडा हाच तिच्या भुकेचा निर्देशांक. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ साली याच आकड्यावरून कचेऱ्यांच्या इमारतींना तारे देण्याची ऐच्छिक योजना काढली. पणजीसारख्या उष्ण व दमट हवेत, निम्म्याहून अधिक भाग वातानुकूलित असलेल्या कचेरीचा आकडा १०० च्या खाली असल्यास पाच तारे, १७५ ते २०० च्या दरम्यान असल्यास एकच, असे त्या योजनेचे मूळ कोष्टक होते. हैदराबादसारख्या संमिश्र हवामानात पाच ताऱ्यांसाठी ९० च्या खाली यावे लागे. दमट हवेतील ओल काढण्यातच यंत्रांची बरीच शक्ती खर्ची पडते. सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे झाले असते.

समजा, हजार चौरस मीटरच्या दोन कचेऱ्या आहेत. एकीचा आकडा १८०, दुसरीचा ९०. वर्षाला फरक पडला ९०,००० युनिटांचा. युनिटास दहा रुपये धरले तर नऊ लाख रुपये झाले. ही रक्कम भाड्याच्या आकड्यात दिसत नाही, कारण बांधणारा एक आणि बिल भरणारा दुसरा. इंग्लंडने ही गाठ कायद्याने सोडविण्याचा यत्न केला. तेथे इमारतींस ए ते जी अशा श्रेणी असतात. ई च्या खालची व्यापारी जागा नव्याने भाड्याने देण्यास १ एप्रिल २०१८ पासून, आणि चालू भाडेपट्टा पुढे ठेवण्यास १ एप्रिल २०२३ पासून, काही अपवाद सोडून मनाई आहे.

तथापि आकडा हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी झालीच पाहिजे. अर्धे मजले ओस पडलेली इमारत मिताहारी भासेल. रात्रपाळी चालणारी, बांधणीने निर्दोष असूनही, खादाड ठरेल. आपल्याकडील तारे प्रत्यक्ष वापरावरून मिळतात, म्हणून रहिवाशांच्या सवयी त्यांत मिसळतात. इंग्लंडमधील भाडेपट्ट्याचे प्रमाणपत्र भिंती, छत व यंत्रसामग्री पाहून ठराविक वापर गृहीत धरते; त्यात बांधणी कळते, वागणूक कळत नाही. शहाण्याने दोन्ही बाजू ऐकाव्यात.

आपल्या वाचकांपैकी कित्येकजण देवस्थानांच्या समित्यांवर आहेत. गाळे भाड्याने देणे, मंगल कार्यालय बांधणे, ही कामे त्यांच्याकडे येतात, आणि जमाखर्चातील पै-पैचा हिशेब त्यांना सभेपुढे ठेवावा लागतो. त्यांना माझी विनंती एवढीच : नकाशा मंजूर करण्यापूर्वी पश्चिमेच्या उन्हाची सोय विचारा, जागा घेताना मागील बारा महिन्यांची बिले आणि क्षेत्रफळ मागा, आणि त्या काळात किती मजले वापरात होते हेही विचारा. देताना हीच माहिती आपण होऊन पट्ट्यास जोडा. सहीपूर्वी दिलेल्या अशा एका कागदाने पुढची पुष्कळशी भांडणे टळतील.