डेन्व्हरचं उकळतं पाणी आणि हॉप्स

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटर उंच. इथे पाणी 95 अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर तुरीची डाळ नीट शिजायला फार वेळ लागतो. घरी बिअर करायला लागले तेव्हा कळलं, की बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सचीही हीच गत.

घरी बिअर करण्याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. जवळच्याच बोल्डरमध्ये 1978 साली अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरगुती ब्रूइंगला देशपातळीवर मुभा मिळाली. आमच्या ओट्यावर मात्र मोठं पातेलं नाही, स्वयंचलित यंत्र आहे. माल्ट आणि पाणी भरायचं, जाळीच्या चार डब्यांत हॉप्स घालायचे, बटण दाबायचं. पंप गरम वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, फिरवत राहतो आणि ठरल्या मिनिटाला ते एकेका डबीतून सोडतो.

"अगं, सगळं तेच करतंय ना? मग तू वजनकाटा घेऊन कशाला बसलीस?" नवरा विचारतो.

कारण यंत्राला मिनिटं कळतात, हॉप्सना कळते ती उष्णता. हॉप्समधली अल्फा आम्लं उष्णतेने रूप बदलतात, तेव्हा कुठे कडवटपणा वर्टमध्ये उतरतो. 100 अंशांच्या तुलनेत 95 अंशांना हा बदल साधारण दोन तृतीयांश वेगाने होतो. कडवटपणाचा अंदाज देणाऱ्या टिनसेथच्या सूत्राने 1.050 घनतेच्या वर्टमध्ये तासभर उकळलेल्या हॉप्समधला जेमतेम 23 टक्के कस हाती लागतो. पण हे गणित खळखळून उकळणाऱ्या पातेल्याचं. आमच्याकडे तापमान कमी, उकळीही सौम्य. म्हणून दहा लिटरच्या पेल एलमध्ये सुरुवातीच्या मॅग्नम हॉप्सचं वजन मी आठ ग्रॅमवरून साडेनऊवर नेलं.

शेवटच्या डबीची तऱ्हा नेमकी उलटी. पाच मिनिटं उरली असताना घालायचे हॉप्स असतात वासासाठी. पण यंत्र वर्ट हळूहळू थंड करतं, ते बराच वेळ 80 अंशांच्या वरच राहतं. तेवढ्यात कडवटपणा वाढत जातो आणि कॅस्केड हॉप्सचा मोसंबीच्या सालीसारखा वास वाफेबरोबर निघून जातो. म्हणून चौथी डबी आता मी सुरुवातीला रिकामीच ठेवते. वर्ट 78 अंशांवर आलं की यंत्र थांबवते, हॉप्स घालते आणि वीस मिनिटं नुसता पंप चालू ठेवते. 80 अंशांच्या आसपास कडवटपणा उतरण्याचा वेग 100 अंशांच्या मानाने सहाव्या हिश्श्यावर येतो. वास मात्र छान मुरतो.

डबी गच्च भरायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. हॉप्सच्या हिरव्या गोळ्या दिसायला कोंबडीच्या खाद्यासारख्या सुक्या, पण गरम वर्ट लागताच फुगून त्यांचा चिखल होतो. जाळी तुंबली की वर्ट आत न शिरता वरूनच वाहून जातं. अर्धी डबी मोकळी ठेवली, की झाकण उघडल्यावर लगदा सगळीकडून सारखा भिजलेला दिसतो.

पाकिटावरचा अल्फाचा आकडाही दर हंगामात बदलतो. रेसिपीत 6 टक्क्यांचं कॅस्केड 12 ग्रॅम असेल आणि हातातलं 7.2 टक्क्यांचं असेल, तर कडवटपणासाठी 10 ग्रॅम पुरे. वासाच्या हॉप्सना मात्र हा हिशेब लावायचा नाही. वास तेलांचा असतो, तिथे नाकावर विश्वास ठेवायचा.

हे सगळं जमतं, कारण यंत्र बाकीचं काही बदलू देत नाही. माल्ट दर वेळी त्याच अंशाला भिजतं, पाणी तेवढंच, वेळ तोच. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाळला, तर दीड ग्रॅम मॅग्नमसुद्धा जिभेवर वेगळं ओळखू येतं. नवऱ्यालासुद्धा.