रिपोर्टमधला ठळक आकडा

गेल्या श्रावणात बाबांच्या आतड्याला पीळ पडला. रात्रीच ऑपरेशन करावं लागलं. आतड्याचा सडलेला भाग काढून डॉक्टरांनी पोटावर स्टोमा केला आणि पुढचे कित्येक दिवस आयसीयूबाहेरच्या खुर्च्या हेच आमचं घर झालं.

तिसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये एक आकडा ठळक छापलेला होता : झिंक ४२. शेजारी नॉर्मल म्हणून ७० ते १२०. वाचला मी, पण लागला तो आईला. "चाळीस वर्षं मीच यांना जेवू घालतेय. माझ्याच स्वयंपाकात काही कमी पडलं का गं?" एवढंच म्हणाली आणि गप्प बसली. तोवर मामा खालच्या मेडिकलमधून झिंकच्या गोळ्या घेऊनही आले.

संध्याकाळी डॉक्टरबाईंनी आईला शेजारी बसवून घेतलं. "काकू, तुमच्या जेवणात काही कमी नव्हतं. झिंक संपलेलं नाही, जागा बदलून बसलंय."

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या शरीरात दोन-तीन ग्रॅम झिंक असतं, बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. रक्तद्रवात एक टक्कासुद्धा नसतं, आणि आपण मोजतो ते नेमकं तेवढंच. मोठं ऑपरेशन किंवा जंतुसंसर्ग झाला की शरीरात दाह भडकतो आणि यकृत रक्तातलं झिंक आत ओढून घेतं. झिंक वाहून नेणारं अल्ब्युमिनही रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. लोहसुद्धा असंच आत दडवलं जातं, म्हणजे जंतूंना ते मिळत नाही. तांबं मात्र उलट वाढलेलं दिसतं, कारण ते वाहून नेणारं प्रथिन दाहात जास्त तयार होतं. म्हणून झिंकचा आकडा सीआरपी आणि अल्ब्युमिनसोबतच वाचायचा. बाबांचा सीआरपी त्या दिवशी २१० होता.

"पण थोडं दिलं तर काय बिघडेल?" मामांनी विचारलंच. त्यावर बाईंनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचं सांगितलं. १,२२३ अत्यवस्थ रुग्णांपैकी काहींना सेलेनियम, झिंक आणि जीवनसत्त्वं मोठ्या मात्रेत देऊन पाहिली होती. त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय पोटातून जास्त झिंक दिलं, तर तांबं शोषलं जात नाही. गोळ्या मामांच्या खिशातच राहिल्या.

गोष्ट इथेच संपली असती, तर मीही 'रिपोर्टकडे लक्ष देऊ नका' असं लिहून मोकळी झाले असते. पण चौथ्या आठवड्यात बाबांच्या तोंडाभोवती लाल, सोललेले चट्टे उठले. टाक्यांची जखम भरता भरता थांबली. सीआरपी बराच उतरला होता, झिंक मात्र खालीच. आता डॉक्टरबाई स्टोमाच्या पिशवीचा हिशेब पाहत होत्या. रोज दीड लिटर पाणी जात होतं, आणि लहान आतड्यातून वाहून जाणाऱ्या अशा प्रत्येक लिटरमागे बारा-एक मिलिग्रॅम झिंक जाऊ शकतं. शिरेतून मिळणाऱ्या अन्नात नेहमीसारखं तीन ते पाच मिलिग्रॅमच होतं. ही कमतरता खरी होती. त्यांनी सलाइनमधून मात्रा वाढवली. आठवड्याभरात चट्टे सुकले, मग हळूहळू जखमही भरू लागली.

माणूस तोच, आकडाही जवळपास तोच. तिसऱ्या दिवशी थांबणं हा उपचार होता आणि चौथ्या आठवड्यात देणं हा. आज आपण सगळेच रिपोर्ट मोबाइलवर उघडतो आणि ठळक अक्षरं पाहून घाबरतो. ते डॉक्टरांना जरूर दाखवावेत, प्रश्नही विचारावेत. पण घरच्या माणसावर किंवा स्वतःवर दोष ठेवायची घाई करू नये.

बाबा आता घरी आहेत, आईच्या हातचं थालीपीठ मागून खातात. परवा त्यांचा नवा रिपोर्ट आला. आईने चश्मा लावला आणि झिंक पाहण्याआधी विचारलं, "सीआरपी किती आलाय गं?"