उष्टं

तर झालं असं. गेल्या महिन्यात शनिवारी गावी गेलो. गाव म्हणजे पारगाव, आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं. घरात पाऊल टाकलं तर सुतकी शांतता.

चुलतबहीण 19 वर्षांची, पुण्यात इंजिनिअरिंगला, हॉस्टेलवर. दहा दिवस ताप, मानेला गाठी, घसा असा सुजलेला की पाणीसुद्धा गिळवेना. तिकडच्या एका डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दिलं, तर अंगभर लाल पुरळ! मग दुसरीकडे रक्त तपासलं आणि नाव कळलं, मोनोन्यूक्लिओसिस.

शांतता मात्र तापामुळे नव्हती. काकांनी मोबाईलवर ते नाव शोधलं आणि पहिल्याच ओळीत निघालं, 'किसिंग डिसीज'. झालं! काकूचा तेव्हापासून एकच प्रश्न, "खरं सांग, कोण आहे तो?" कॉलेज बंद करण्यापर्यंत गोष्ट गेलेली. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

मी काही डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण त्या रात्री बसून सगळं वाचून काढलं. हा आजार बहुतेक वेळा एपस्टाईन-बार विषाणूमुळे होतो. विषाणू सापडला 1964 साली, आणि या तापाशी त्याचं नातं कळलं 1968 मध्ये. तो पसरतो लाळेतून. म्हणजे आपल्या भाषेत, उष्ट्यातून. एकच तांब्या, एकच बाटली, एकाच चमच्याने दोघांनी खाल्लेलं आईस्क्रीम, काहीही पुरतं.

आणि गंमत म्हणजे जगातल्या 90 टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात हा विषाणू आहेच. लहानपणी झाला तर बहुधा कळतही नाही, साधी सर्दी वाटते. तोच पंधराविशीत झाला की असं लोळवतो. एकदा शिरला की जन्मभर मुक्कामाला राहतो आणि अधूनमधून लाळेत उतरतो. माणूस मात्र ठणठणीत!

लागण झाल्यापासून ताप यायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मी बोटांवर मोजलं. पाच आठवड्यांपूर्वी सप्त्याला आम्ही सगळे गावीच होतो. तिने पाणी प्यायलं होतं माझ्या बाटलीतून, तोंड लावून.

सकाळी काकूला म्हटलं, "तो कोण ते विचारतेस ना? मीच असेन. नाहीतर आजी असेल, नाहीतर तू." काकू गप्प. मग म्हटलं, "आणि समजा कुणी असलाच, तरी तापाची शिक्षा म्हणून कॉलेज बंद करायचं?"

यावर आजी म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना मी घास चावून भरवलाय. हिला तेवढं हिच्या आईने भरवू दिलं नाही." असो!

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. विश्रांती, भरपूर पाणी, तापाला पॅरासिटामॉल. प्लीहा सुजलेली असू शकते, म्हणून महिनाभर कबड्डी नाही, जड उचलायचं नाही. डाव्या कुशीत वरच्या बाजूला अचानक जोरात दुखलं तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

दुपारी काकू मऊ भात घेऊन तिच्या खोलीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

बहीण आता कॉलेजात परत गेलीय. अजून लवकर दमते म्हणे. जाताना तिने विचारलं, "दादा, खरंच तुझ्याच बाटलीतून झालं?"

"काय माहीत," म्हटलं. "पण नाव माझंच सांग."