आहेराचे स्वत्व

गेल्या वर्षी वैशाखात माझ्या भाच्याची मुंज आमच्या कुलदेवतेच्या देवळातील अग्रशाळेत झाली. बटूला काय द्यावे, असे मी बहिणीला विचारले, तर उत्तर त्यानेच दिले : “मामा, मला तो नवा खेळ दे. पण चकती आणू नकोस, माझ्या कन्सोलला चकतीची खाचच नाही.” मी पैसे भरले, २५ अक्षरांचा एक संकेतांक आला. तो कागदावर उतरवून, पाकिटाला कुंकवाचे बोट लावून मी त्याच्या हाती दिला. त्याने अक्षरे खात्यात भरली आणि कागद चुरगळून टाकला. आहेर पोचला!

चतुर्थीला सारे जमलो तेव्हा तो हळूच म्हणाला, “माझा खेळून झाला. आता चिमीला द्यायचा आहे. कसा देऊ?” चिमी त्याची धाकटी मावसबहीण. मी दुकानाच्या अटी वाचावयास बसलो. वकिलाने त्या पैसे भरण्यापूर्वी वाचावयास हव्या होत्या, हे खरेच. त्यांत स्पष्ट लिहिले होते, की मिळतो तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना. आणि तो दुसऱ्यास देता येत नाही.

आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, याला आपले धर्मशास्त्र दान म्हणते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १२२ देखील दानासाठी अस्तित्वात असलेली मालमत्ता मागते. इथे माझेच स्वत्व नव्हते, मग भाच्याचे कुठून यावे? उदक सोडावयास हातात पाणी तेवढे होते, वस्तू नव्हती. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळालाही हे खटकले असावे. केवळ परवाना देत असताना तसे स्पष्ट न सांगता विक्रेत्याने ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये, असा कायदा तेथे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. निन्टेन्डोने आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीची विक्री २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. पूर्वी घेतलेले खेळ पुन्हा उतरवून घेण्याची सोय मात्र तूर्त ठेवली. ‘तूर्त’ या शब्दाचा अनुभव न्यायालयात आम्हांला पुष्कळ आहे.

माझ्या खणात एक जुनी कॅसेट आहे. व्हिडिओ खेळाच्या त्या प्लास्टिकच्या वडीला लहानपणी आम्ही सारे कॅसेटच म्हणत असू. थोरल्या आतेभावाने ती मला दिली, तेव्हा तिच्या पाठीवर त्याने करकटकाच्या टोकाने कोरलेले आपले नाव तसेच राहिले. तो जाऊन नऊ वर्षे झाली. कॅसेट आता कोणत्याच यंत्रात चालत नाही. पण ती मला कोणी दिली, हे तिच्यावर बोट फिरवले तरी कळते.

यांतले काहीच मी भाच्याला सांगितले नाही. देता येत नाही, एवढेच म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग तारांसकट यंत्रच उचलून चिमीच्या घरी घेऊन गेला. अनंत चतुर्दशीपर्यंत परत आणायचे, अशी बहिणीची अट होती. ते अद्याप आलेले नाही.